समुद्राकाठच्या गावात घर घेऊन राहावे का? वर्धा जिल्ह्यातून एक विचारणा

वर्धाकाठ

सर्वांना नमस्कार.

मी आर्वी तालुक्यातील एका खेड्यात राहतो. जिल्हा परिषदेच्या शाळांत चौतीस वर्षे शिकवून निवृत्त झालो. घरची सात एकर कोरडवाहू शेती आहे, तीत पऱ्हाटी (कपाशी) आणि तूर घेतो. माझी मुलगी रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागर तालुक्यातील एका शाळेत शिक्षिका आहे. शिक्षक भरतीत आपल्याकडची कितीतरी मुले-मुली रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात गेली. काही जण आंतरजिल्हा बदली घेऊन परतले, काही तिथेच रुळले. माझी मुलगी रुळली. जावईही तिथेच नोकरीला आहेत आणि आता दोघेही बदलीचा विषय काढत नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही दोघे पहिल्यांदाच महिनाभर तिच्याकडे राहिलो. त्याआधी सौ.ने समुद्र पाहिलेला नव्हता. आमच्या घरी मे महिन्यात दुपारी दाराच्या लोखंडी कडीला हात लावला तर चटका बसतो, म्हणून ती पदराच्या टोकाने कडी काढते. तिथे पहिल्या दुपारी तिने सवयीने पदर हाताला गुंडाळला, कडीला हात लावला आणि कडी थंड लागली म्हणून ती क्षणभर तशीच उभी राहिली. संध्याकाळी किनाऱ्यावर रापण ओढत होते. दोन्ही बाजूंनी पंधरा-वीस माणसे दोर खेचत होती. जाळे वाळूवर आले तेव्हा वाटे पडले आणि ज्यांनी वाटेत थांबून दोराला हात लावला होता त्यांच्याही ओंजळीत मासळी पडली. आम्ही माळकरी असल्यामुळे घेतली नाही, पण कोणी कोणावर न ओरडता चाललेले असे सामाईक काम मी फार दिवसांनी पाहिले. त्या गावात बाजार लहान आहे, दुपारी दुकाने बंद असतात, रस्त्यावर नऊनंतर माणूस दिसत नाही. मुलगी म्हणते की इथे काहीच घडत नाही. आम्हाला नेमके तेच आवडले.

आता मुद्द्याचे लिहितो. मुलीच्या शाळेजवळ एक जुने घर विकाऊ आहे. समुद्र तिथून चालत सात-आठ मिनिटांवर आहे. चिऱ्याच्या भिंती, वर कौले (आपल्याकडचे कवेलू), पुढे खळे (अंगण), आत पडवी आणि माजघर, मागे चौदा माड, काही पोफळी आणि शेजाऱ्यांसोबत सामाईक विहीर. ज्यांनी घर दाखवले ते गृहस्थ मुंबईला नोकरी करतात आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर त्यांच्या दिवंगत वडिलांचे नाव आहे. घराखालची आणि आगराची, म्हणजे माड-पोफळींच्या वाडीची, जमीन मिळून अकरा गुंठे आहे व तिचा सातबारा वेगळा आहे. मध्यस्थ मला सांगतो की लगेच इसार द्या, कारण पवनारपासून पत्रादेवीपर्यंत शक्तिपीठ महामार्ग होणार आहे आणि मग विदर्भातील माणसे रांग लावतील.

मला भाव वाढण्याशी काही कर्तव्य नाही. आम्हाला उरलेली वर्षे तिथे राहायचे आहे. आपल्याकडच्या शेतकऱ्याला तिथे जमीन घेता येते का, नावे कशी तपासावीत, समुद्राच्या जवळ असल्यामुळे कोणते निर्बंध येतात आणि मुख्य म्हणजे काळ्या मातीत वाढलेल्या साठीच्या जोडप्याने तिथे कायमचे राहणे शहाणपणाचे आहे का, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुना पटवारी

गुरुजी, मी यवतमाळ जिल्ह्यात पटवारी होतो. माझ्या मेव्हण्याने मालवण तालुक्यात जागा घेतली तेव्हा दोन वर्षे त्याच्यासोबत कागद पाहत फिरलो, त्यामुळे तिकडचेही थोडे कळते.

पहिली गोष्ट, तुम्हाला जमीन घेता येईल. आपला विदर्भ १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात असल्यामुळे आपल्याकडे कुळवहिवाटीचा कायदा वेगळा, १९५८ चा आहे आणि कोकणात १९४८ चा लागतो. दोन्हींचा गाभा हाच की शेतजमीन शेतकऱ्यानेच घ्यावी. तुमचा आर्वीचा सातबारा गुहागरच्या दुय्यम निबंधकाकडेही शेतकरी असल्याचा पुरावा म्हणून चालतो. मात्र इथे एक चूक पुष्कळ जण करतात. तिकडचे पैसे उभे करण्यासाठी आधी इकडचे सगळे वावर विकून टाकतात आणि खरेदीच्या दिवशी त्यांच्या नावावर कुठेच जमीन नसते. निदान एक तुकडा नावावर ठेवा आणि तिकडची खरेदी होऊन फेरफार मंजूर होईपर्यंत त्याला हात लावू नका.

दुसरी गोष्ट मोठी आहे. आपल्याकडे जमीन एकरात मोजतात आणि सातबाऱ्यावर दोन-चार नावे असतात. कोकणात जमीन गुंठ्यात असते आणि नावे तीस-चाळीससुद्धा असतात, त्यांचे हिस्से आणे-पैत लिहिलेले असतात आणि त्यांतील निम्मी माणसे हयात नसतात. तुम्हाला घर दाखवणारे गृहस्थ कदाचित फक्त दोन आण्यांचे मालक असतील. त्यांनी आपला हिस्सा तुम्हाला विकला तरी ते खरेदीखत खोटे ठरत नाही, पण मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ४४ प्रमाणे एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा बाहेरच्या माणसाने घेतला तर त्याला त्या घरात सामाईक ताबा मागता येत नाही. म्हणजे पैसे जातील, नाव लागेल आणि माजघरात पाऊल टाकता येणार नाही. शिवाय हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २२ मध्ये सहवारसांना तो हिस्सा प्रथम घेण्याचा हक्क दिलेला आहे. म्हणून वारस नोंद आधी पूर्ण करून घ्या, लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावे त्यात आहेत की नाहीत ते पाहा (तिथेच हमखास गाळलेली असतात) आणि सर्वांच्या सह्या झाल्याशिवाय रुपयाही देऊ नका.

सातबाऱ्याच्या इतर हक्काच्या रकान्यातील प्रत्येक ओळ मोठ्याने वाचा. तिथे ‘कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र’ असे असेल तर ती जमीन कुळाला मिळालेली आहे. कुळाने ती विकत घेतल्याला दहा वर्षे झाली असतील तर आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) चाळीस पट नजराणा भरून ती विकता येते, अन्यथा परवानगी लागते. ‘खाजगी वने’ असा शेरा असेल तर त्या वाटेला जाऊ नका. भोगवटादार वर्ग २, म्हणजे विकण्यावर बंधने असलेली जमीन, असेल तर तहसीलमध्ये विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. निदान तीस वर्षांचा शोध स्थानिक वकिलाकडून घ्या, मध्यस्थाने सुचवलेल्या वकिलाकडून नको. तुकडेबंदीचे नियमही बघावे लागतील. २०२३ मध्ये प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते क्षेत्र, बागायतीला दहा आणि जिरायतीला वीस गुंठे झाले आणि त्यानंतरही नियम हलत आहेत. तुमचे अकरा गुंठे सातबाऱ्यावर बागायत म्हणून लागले आहेत की नाही, यावर पुष्कळ अवलंबून आहे. तो सर्व गट पूर्णपणे घेत असाल तर प्रश्न सोपा होतो, त्यातला भाग तोडून घेत असाल तर अवघड.

शक्तिपीठ महामार्गाविषयी इतकेच सांगतो की तो प्रस्ताव आहे आणि कोल्हापूरकडच्या शेतकऱ्यांचा त्याला विरोध आहे. शिवाय पत्रादेवी सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाला, गोव्याच्या सीमेवर आहे. गुहागरचा त्याच्याशी संबंध जोडणारा मध्यस्थ तुमच्या अपरिचयाचा फायदा घेत आहे.

माडाखाली

वर्धाकाठ काका, मी दापोली तालुक्यातील किनाऱ्यावरचा. दाभोळची खाडी फेरीबोटीने ओलांडली की धोपाव्याला तुमचा गुहागर तालुका लागतो, त्यामुळे तुमचे गाव मी पाहिलेले असण्याची शक्यता आहे. कागदांविषयी पटवारी काकांनी लिहिले आहे ते अक्षरशः खरे आहे. आमच्या घराच्या सातबाऱ्यावर माझ्या पणजोबांचे नाव कमी व्हायला माझ्या वडिलांची उमेद गेली. मी घराविषयी आणि पावसाविषयी लिहितो.

सीआरझेड, म्हणजे सागरी किनारा नियमन क्षेत्र, भरती रेषेपासून जमिनीकडे ५०० मीटरपर्यंत असते. कमी वस्तीच्या ग्रामीण भागात त्यातील पहिल्या २०० मीटरमध्ये नवे बांधकाम करता येत नाही. २०११ च्या अधिसूचनेत हे अंतर होते आणि २०१९ च्या अधिसूचनेतही, लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा कमी असलेल्या गावांसाठी, तेच राहिले. जुने घर असेल तर त्याची दुरुस्ती किंवा आहे त्याच जोत्यावर पुनर्बांधणी करण्याची वाट आहे, पण जोते वाढवता येत नाही. म्हणून दोन गोष्टी करा. एक, किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या नकाशावर तुमचा गट नेमका कुठे पडतो याची खात्री करा. पायी चालण्याचे मिनिट धरू नका. दुसरी, खाडी किंवा भरतीचे पाणी शिरणारा एखादा वहाळ (ओढा) जवळ असेल तर त्याच्या काठालाही हे निर्बंध लागू होतात हे लक्षात ठेवा. लोक समुद्राकडे पाहतात आणि घरामागचा वहाळ विसरतात.

तुम्ही मे महिना पाहिला आहे. तो आमचा पाहुण्यांना दाखवण्याचा महिना आहे. वर्धेला वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्याकडे तीन हजारांच्या पुढे पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जूनच्या आधी आम्ही अगोट भरतो, म्हणजे तांदूळ, डाळी, सुकी मासळी, लाकडे, मीठमसाला सगळे भरून ठेवतो. खिडक्यांना आणि पडवीला झाप, म्हणजे विणलेल्या झावळ्या, बांधतो. जुलैमध्ये धुतलेला कपडा चौथ्या दिवशीही दमट असतो, पुस्तकांच्या बांधणीला पांढरी बुरशी येते आणि गादीला वास लागतो. खारा वारा लोखंड खातो. पत्रा, बिजागरी, पंख्याचा दांडा, गॅसची शेगडी, फ्रिजची मागची बाजू, सगळे. कड्या-कोयंडे पितळेचे लावा, खिळ्यांऐवजी स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरा आणि वायरिंग पूर्ण नवे करून घ्या. कौले दरवर्षी मे महिन्यात चाळून घ्यावी लागतात आणि ते करणारी माणसे आता कमी झाली आहेत. माड चढणारे पाडेलीही असेच दुर्मीळ झाले आहेत. चौदा माड असणे आणि चौदा माडांचे नारळ उतरवून मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वादळाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ते आम्ही भोगले आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात जमिनीवर आले आणि आमच्या अंजर्ले-केळशी बाजूलाही त्याने आगरे आडवी केली. सकाळी अकराच्या सुमारास कौले पानांसारखी उडू लागली तेव्हा आम्ही माजघरात दाराला पाठ लावून बसलो होतो. वारा थांबल्यावर बाहेर आलो तर शेजाऱ्याचे घर, जे कधीही आमच्या खळ्यातून दिसत नसे, ते समोर उघडे दिसत होते. मधली पोफळींची वाडी राहिलीच नव्हती. वीज यायला कितीतरी आठवडे लागले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आले. नवा माड लावला तर धरायला सहा ते आठ वर्षे लागतात, त्यामुळे आमचे उत्पन्न अजूनही पूर्वपदावर आलेले नाही. वादळ टाळता येत नाही, पण कौलांच्या छपराला पक्का जोड, घरावर झुकलेले माड वेळीच काढणे आणि घर खोलगट जागी आहे की उंचवट्यावर, हे पाहता येते.

पाणी मात्र मे महिन्यातच तपासा. इतका पाऊस पडूनही जांभ्यातून पाणी झिरपून जाते आणि एप्रिल-मेमध्ये कितीतरी वाड्यांना टँकर लागतो. समुद्राजवळच्या विहिरीला उन्हाळ्यात मचूळपणा येतो. तुमच्या घरची तुरीची डाळ घेऊन जा आणि त्या विहिरीच्या पाण्यात शिजवून पाहा.

झाडीपट्टी

गुरुजी, राग मानू नका, पण मी वेगळे मत मांडतो. मी गोंदिया जिल्ह्यातला. आपल्याकडे समुद्र नसला तरी नवेगाव बांधसारखा तलाव आहे आणि भंडारा-गोंदियात मालगुजारीच्या काळातले शेकडो तलाव आहेत. काठावर बसले तर पहाटे पाखरांशिवाय आवाज नसतो. तुम्ही साठी ओलांडली आहे. रात्री छातीत दुखले तर वर्धा-सावंगीच्या दवाखान्यात पोहोचायला तुम्हाला किती वेळ लागतो आणि गुहागरहून मोठ्या दवाखान्यात पोहोचायला घाटवळणांच्या रस्त्याने किती वेळ लागेल, याचा हिशेब करा. आपल्या माणसांत मरण यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वर्धाकाठ

झाडीपट्टी भाऊ, रागाचा प्रश्नच नाही. तुमचे म्हणणे मला रात्रभर डाचत राहिले. दवाखान्याचा हिशेब केला. आमच्या खेड्यातून सावंगीला पोहोचायला दीड तास लागतो. गुहागरहून चिपळूण साधारण पंचेचाळीस किलोमीटर आहे आणि डेरवणचे मोठे रुग्णालय त्याच्याही पुढे, सावर्ड्याजवळ. म्हणजे फार फरक नाही, पण पावसात झाड पडून रस्ता बंद झाला तर आहे. जुलै २०२१ मध्ये तर चिपळूण शहरच पाण्याखाली गेले होते. आपली माणसे म्हणाल तर आमची एकुलती एक मुलगी तिथे आहे. इथे वाड्यात आम्ही दोघे आणि रात्री सांदवाडीत (परसात) येणारी रानडुकरे.

बोरकाठ

मी सेलू तालुक्यातील आहे. हे वाचून लिहिल्याशिवाय राहवले नाही, कारण आम्ही तुमच्याच वाटेने गेलो आणि परत आलो.

यजमानांना निवृत्तीची रक्कम मिळाल्यावर आम्ही सिंधुदुर्गात किनाऱ्यावरच्या एका गावी जागा पाहिली. एका मध्यस्थाने घाई केली आणि आम्ही साध्या कागदावर दीड लाख रुपये इसार देऊन मोकळे झालो. नंतर कळले की विकणाऱ्याच्या दोन बहिणी आणि एक चुलता यांना या व्यवहाराची माहितीच नव्हती. चुलत्याने दुय्यम निबंधक कार्यालयात हरकत घेतली. आमचे पैसे तीन वर्षांनी, तेही अर्धेच, परत मिळाले. त्या तीन वर्षांत यजमानांची झोप गेली. पटवारी काका जे लिहीत आहेत ते कोणीतरी आम्हाला आधी सांगायला हवे होते, म्हणून मी हे उघडपणे लिहिते आहे.

मात्र पैसे अडकले म्हणून आम्ही परत आलो असे नाही. तिथेच भाड्याने वर्षभर राहून पाहिले. मला समुद्र आवडला. पहाटे सुरूच्या बनातून चालत जाणे, ओहोटीच्या ओल्या वाळूवर पाय उमटणे, हे मी आजही विसरलेले नाही. पण यजमानांना जुना दमा आहे. आपल्या कोरड्या हवेत तो आटोक्यात असतो. तिथल्या दमटपणात जूनपासून त्यांना रात्री उशाला तीन उशा लागू लागल्या. मे महिन्यातला घाम वेगळा, तो पुसला की झाले. पावसातला ओलावा घरात राहायला येतो. ऑगस्टमध्ये डॉक्टरांनीच घरी जायला सांगितले.

आणखी एक. तिथली माणसे वाईट नाहीत, पण ती चटकन जवळ येत नाहीत. आपल्याकडे नवा माणूस आला की पहिल्याच दिवशी शेजारीण वाटीभर भाजी घेऊन येते आणि किती मुले, काय करतात, सगळे विचारते. तिथे सहा महिने मी शेजारणीला फक्त ‘येते हां’ म्हणत होते. सातव्या महिन्यात माझ्या पायात काटा मोडला तेव्हा तीच वैदूकडे घेऊन गेली आणि त्यानंतर रोज येऊ लागली. तेवढा वेळ द्यावा लागतो. ताईंना, म्हणजे तुमच्या सौभाग्यवतींना, हे आधी सांगा. पुरुषमाणूस पारावर जाऊन बसतो, बाई घरात एकटी पडते.

विकत घेण्याआधी एक पूर्ण पावसाळा तिथे भाड्याने राहून काढा. माझे एवढेच सांगणे आहे.

माडाखाली

बोरकाठ ताईंनी जे सांगितले त्याला माझी पूर्ण पुस्ती आहे. भाड्याने घेताना एक गोष्ट करारात लिहून घ्या. गणपतीला आणि शिमग्याला मुंबईकर चाकरमानी घरी येतात. ते दिवस घर त्यांचे असते. तुम्ही तिथे राहात असलात तरी पालखी त्यांच्या नावाने येते.

वर्धाकाठ

मंडळी, चौदा महिन्यांनी लिहितो आहे. उशिराबद्दल क्षमा मागतो, पण सांगण्यासारखे काही हाती आल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

मी इसार दिला नाही. मध्यस्थ महिनाभर फोन करत राहिला आणि मग थांबला. मुलीच्या शाळेतील शिपायामार्फत घराच्या मालकांशी थेट बोललो आणि तेच घर अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने घेतले. प्रवासाला नागपूर-मडगाव विशेष गाडी सोयीची पडली. वर्ध्याला बसायचे आणि दुसऱ्या दिवशी चिपळूणला उतरायचे. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाल्यानंतर एकदा भाच्यासोबत मोटारीनेही आलो, पण आमच्या वयाला गाडीच बरी.

पावसाळा पूर्ण काढला. माडाखाली यांनी लिहिलेले एकही वाक्य जास्तीचे नव्हते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सलग नऊ दिवस ऊन दिसले नाही. माझी वहीपेटी, ज्यात चौतीस वर्षांची टाचणे होती, तिच्यातील निम्मी बुरशीने गेली. ज्या कडीविषयी मी लिहिले होते तिच्यावर गंजाचे पापुद्रे आले आणि सौ. पुन्हा पदर हाताला गुंडाळून दार उघडू लागली, या वेळी हाताला तांबडे डाग पडू नयेत म्हणून. चिपळूणहून पितळेची कडी आणून बसवली. फुरसे हा विषारी साप दोनदा दिसला. चिऱ्यांच्या गडग्यात तो असतोच, शेजाऱ्यांनी रात्री विजेरीशिवाय खळ्यात उतरायचे नाही असे बजावले. माकडांनी नारळांची जी नासाडी केली ती पाहून मला आमच्या वावरातील रोही (नीलगाई) आठवले. शेतकऱ्याचे दुखणे इकडे आणि तिकडे सारखेच आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या झापांखाली झाकलेल्या असतात आणि किनाऱ्यावर खरोखर कोणीही नसते. त्या दोन महिन्यांत गाव इतके शांत होते की मला पहिल्यांदा ती शांतता जड वाटली. मला वाटते, निवांतपणा आपण मे महिन्यात पाहतो तो पाहुण्याचा असतो. राहणाऱ्याचा निवांतपणा अगोट भरून, छप्पर चाळून, लाकडे रचून झाल्यावर जेवढा उरतो तेवढा. तो मला मिळाला आणि मला पुरला.

सौ.ला बोरकाठ ताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला होता, त्यामुळे तिने वाट पाहण्याची तयारी ठेवली. तिने शेजारी जाताना रिकाम्या हाताने न जाण्याचा नेम केला. घरून नेलेल्या तुरीच्या डाळीचे वरण आधी आवडले नाही, मग आवडले. (डाळ त्या विहिरीच्या पाण्यात मे महिन्यात शिजवून पाहिली, दोन शिट्ट्या जास्त लागल्या, पण शिजली. पाणी मचूळ नाही.)

गणपतीला मालकांचे एकोणीस माणसांचे कुटुंब आले. आम्ही मुलीकडे जाणार होतो, पण त्यांनी जाऊ दिले नाही. पाच दिवस एकाच माजघरात जेवलो. पटवारी साहेबांच्या सांगण्यानुसार मी वारसांची यादी आधीच काढून ठेवली होती आणि ते अकरा हिस्सेदार कोण, हे त्या पाच दिवसांत चेहऱ्यांनिशी कळले. दहा जण विकायला तयार होते, कारण घर सांभाळायला कोणी नाही आणि दरवर्षी छपराचा खर्च वाटून घेताना वाद होतात. अकराव्या होत्या मालकांच्या आत्या, ऐंशी वर्षांच्या, डोंबिवलीला राहणाऱ्या. वारस नोंदीत त्यांचे नाव गाळलेले होते आणि त्यांना ते माहीत होते. विसर्जनाच्या आदल्या रात्री त्यांनी मला पडवीत बसवून विचारले की गणपतीची चौकी त्या कोनाड्यातच राहील ना, आणि भाद्रपदात आम्ही पाच दिवस येऊ शकू ना. मी हो म्हटले. मग त्यांनी आपल्या पुतण्याला बोलावून सर्वांसमोर सांगितले की आधी माझे नाव चढवा, मग मी सही करीन.

त्यांचे नाव आता चढले आहे. घराखालची जागा भरती रेषेपासून २०० मीटरच्या बाहेर असल्याचे नकाशावर पाहून घेतले. मागच्या आगराचा एक कोपरा वहाळाला लागून आहे, तिथे काहीही बांधणार नाही. सातबाऱ्यावर कलम ४३ चा किंवा वनाचा शेरा नाही, क्षेत्र बागायत आहे आणि संपूर्ण गट घेत असल्यामुळे तुकड्याचा प्रश्न आला नाही. आर्वीचे पाच एकर भावाच्या मुलाला विकतो आहे आणि दोन एकर नावावर ठेवतो आहे. ते केवळ कायद्यासाठी नाही. मृगाच्या सुमारास एकदा तरी तिथे जाऊन धुऱ्यावर उभे राहावेसे वाटते.

खरेदीखत दिवाळीनंतर आहे. एकच प्रश्न राहिला आहे. विहीर शेजाऱ्यांच्या जागेत आहे आणि पाण्याचा वाटा आजवर तोंडीच चालत आला आहे. शेजारी चांगले आहेत, पण त्यांची मुले पुढे विकतील तर काय, ही काळजी वाटते. खरेदीखतात याचा उल्लेख कसा करावा?

जुना पटवारी

गुरुजी, वाचून समाधान वाटले. आत्याबाईंचे नाव चढवलेत हे फार चांगले केलेत.

विहिरीचे नुसते खरेदीखतात लिहून भागणार नाही, कारण विहिरीचा मालक त्या दस्तात पक्षकार नाही. शेजाऱ्यांशी वेगळा दस्त करून तो नोंदवून घ्या. त्यात विहिरीचा गट नंबर, तिथे जाण्याची वाट किती फूट रुंद आणि कोणत्या बाजूने, पंप व पाइप नेण्याचा हक्क, गाळ काढण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च कोणी किती करायचा, हे सगळे यावे. हा हक्क ‘उभयतांचे वारस व पुढील खरेदीदार यांच्यावर बंधनकारक राहील’ असे शब्द न विसरता घाला. १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमाप्रमाणे दीर्घ वहिवाटीने मिळालेला हक्कही मानला जातो, पण तो सिद्ध करायला कोर्टात जावे लागते. लिहिलेला दस्त असला तर ती वेळ येत नाही. त्या दस्ताचा दिनांक आणि क्रमांक मग तुमच्या खरेदीखताच्या मिळकतीच्या वर्णनात घ्या, आणि शक्य झाल्यास दोन्ही दस्त एकाच दिवशी नोंदवा. शेजारी त्या दिवशी गावात असतील याची आधीच खात्री करून घ्या.